वरून येणारी भरती

माझ्या वडलांच्या घराण्याला पाण्याची भीती होती आणि आईच्या घराण्याला पाण्याचा कंटाळा. मी दोघांची मुलगी, त्यामुळे पाण्याशी माझं नातं आधी भांडणाचं आणि मग धंद्याचं झालं. वडलांचं गाव रोह्याच्या वरच्या अंगाला, कुंडलिकेच्या एका वळणावर. भात काढायचं, त्याच ओलाव्यावर वाल पेरायचे, आणि नदी शेताला खेटून वाहत असली तरी तिच्यात घोट्याच्या वर पाय भिजवायचा नाही, असा त्यांच्या घराण्याचा शिरस्ता. आई पेणच्या खाडीकडची, मिठागरवाल्यांची. तिच्या माहेरी सकाळ-संध्याकाळ नसायची, भरती आणि ओहोटी असायची. लग्न होऊन ती आमच्या गावी आली, नदीपाशी उभी राहिली, ओंजळभर पाणी तोंडात घेऊन थुंकली आणि म्हणाली, “ना मीठ, ना मासा. तरी सगळी हिला हात जोडतात.” हे वाक्य आमच्या गावाने तिला कधी माफ केलं नाही. तिने माफी मागितलीही नाही.

नदीच्या उगमाकडे डोंगरात वीजघर आहे. तिथे वीज काढून झाली की पाणी नदीत सोडतात. म्हणून आमची नदी पहाटे ओढ्यासारखी मरगळलेली असते. दगडांवरून उड्या मारत, चप्पलसुद्धा न भिजवता, पात्राच्या मधल्या हत्तीपर्यंत जाता येतं. हत्ती म्हणजे एक काळा, गुळगुळीत कातळ. मग सकाळी वरून पाणी येतं आणि तीच नदी बघता बघता छातीला लागते. दुपार कलली की पुन्हा उतरते. पावसाळा सोडला तर हत्तीची पाठ कधी बुडालेली मी पाहिली नाही, पण पाणी आल्यावर त्याच्यापर्यंत चालत जाणारा किंवा तिथून चालत परत येणारा माणूसही पाहिला नाही. आईने हा प्रकार पहिल्यांदा पाहिला तेव्हा वडलांना विचारलं, “तुमच्याकडं भरती डोंगरातनं येते व्हय?” वडील म्हणाले, “ती भरती नाय, वीज हाय.” त्या दिवसापासून आमच्या घरात वडलांना वीजवाले म्हणत.

पाणी येण्याचा आवाज मी अजून झोपेतसुद्धा ओळखीन. आधी बगळे उठतात. मग वरच्या वळणाकडून सुपात तांदूळ घोळवल्यासारखी सळसळ येते. मग दगडांमधली खळखळ एकदम बंद होते, आणि ही शांतताच खरी धोक्याची. आई चुलीपुढून न उठता म्हणायची, “आली.” आमच्या घराचा दिवस तिथून सुरू व्हायचा. तव्यावर तांदळाची भाकरी फुगलेली असायची, शेजारी आदल्या दिवशीचं वालाचं बिरडं, आणि पेणच्या बाजारातून आणलेली सुकट चुलीत भाजून कांद्यात चुरलेली. सुकटीच्या वासाने वडील नाक मुरडायचे, म्हणायचे, “घरात माणसं राहतात की बोंबील?” आणि माझ्या ताटातली अर्धी सुकट बोलता बोलता संपवायचे. आई सगळं बघायची आणि पुढच्या वेळी जास्त भाजायची. घासाघीस म्हणजे काय, हे मी त्या ताटावर शिकले. समोरच्याला काय हवंय हे त्याच्या तोंडावरून नाही, त्याच्या हातावरून कळतं.

पर्यटक यायला लागले ते कसे, ते मला नीट सांगता येत नाही. एका हिवाळ्यात मुंबईची एक जीप रस्ता चुकली आणि वळणावर थांबली. त्यातल्या माणसांनी आमची नदी पाहून असा काही आरडाओरडा केला की मला वाटलं कुणाला विंचू चावला. पुढच्या रविवारी तीच माणसं आणखी दोन जीप भरून घेऊन आली. त्यांना पाण्यात जायचं होतं, पण कसं ते ठाऊक नव्हतं. आमच्या गावाला पाणी ठाऊक होतं, पण त्यात मजा असते हे ठाऊक नव्हतं. या दोन अडाणीपणांच्या मधोमध मी उभी होते. बारावीला नापास झालेली, तोंडाची तिखट, आणि हाताशी काही काम नसलेली. मी रोह्याजवळच्या अष्टमी गावातल्या पंक्चरवाल्याकडून ट्रकच्या जुन्या ट्यूबा उचलल्या, ठिगळं लावून घेतली, आणि हवा भरून वळणाच्या आतल्या अंगाला, जिथे पाणी आल्यावरही संथ फिरतं तिथे, एका जाड दोराला बांधल्या. दोराचं एक टोक करंजाच्या झाडाला, दुसरं पात्रातल्या एका दगडाला. दोराच्या अलीकडे मजा, पलीकडे मी आणि माझी शिवी. एवढंच माझं व्यवस्थापन.

आता या गोष्टीला मोठमोठी नावं आली आहेत. मध्यंतरी मला एका प्रशिक्षणाला बोलावलं होतं, ‘जलपर्यटन व्यवस्थापन’ असा फलक मागे लावून. हॉटेलच्या पोहण्याच्या तलावात उभं राहून त्यांनी आम्हाला नदी शिकवली. जेवण चांगलं होतं.

माझे नियम सोपे होते. प्यायलेला माणूस पाण्यात जाणार नाही. वरून पाणी येऊन ठरल्याशिवाय कुणीच पाण्यात जाणार नाही. आणि पाणी येण्याआधी हत्तीवर जाणार नाही, कारण जाता येतं, परतता येत नाही. हे मी सगळ्यांना आधी गोड शब्दांत सांगायचे. पुण्याचे लोक वाद घालायचे, मुंबईचे लोक हो म्हणून तेच करायचे. मग मी माझ्या खऱ्या आवाजात सांगायचे. एका गृहस्थांनी विचारलं, “ताई, इथे मगर आहे का हो?” मी म्हटलं, “हाय, पण रविवारी सुट्टीवर असते.” त्यांनी खरंच मान डोलावली आणि बायकोला जाऊन सांगितलं. पाण्यातून बाहेर आल्यावर त्यांना थंडी आणि भूक एकदम लागायची. आई तयार असायची. भाकरी, बिरडं, आणि वालाच्या शेंगा भरात आल्या की पोपटी. मडक्याच्या तळाशी भांबुर्डीचा पाला, त्यावर शेंगा, अंडी, मसाला लावलेली कोंबडी, वरून पुन्हा पाला, मग मडकं उपडं घालून भोवती पेंढा नि लाकडं पेटवायची. मडकं उघडल्यावर जो वास सुटायचा त्याने शहरातली माणसं गप्प व्हायची. त्यांना गप्प करायला मला घसा फोडावा लागे. आई ते एका मडक्यात करायची.

दोन हिवाळे आमच्या गावाने या सगळ्याकडे दयेने पाहिलं. पोरीला खूळ लागलंय, लग्न झालं की उतरेल. वडलांनी स्थळही आणलं होतं. मुलगा डोलवीच्या कंपनीत ठेकेदाराकडे शिफ्टमध्ये कामाला, ‘परमनंट होणारच हाय’ अशा बोलीवर. तो बघायला आला, चहा प्यायला, आणि मी बोलेपर्यंत माझ्या प्रेमात होता. वडलांनी मला सांगितलं, “वळण हाय तोवर थांबतो. वळण गेलं की तुझं बोट त्याच्या हातात.” ते रागावून बोलले नव्हते. त्यांना वाटत होतं, वळण तर जाणारच.

कारण तिसऱ्या हिवाळ्यात वळणावर गाड्यांची रांग लागली आणि गावकीला एकदम आठवलं की नदीचा काठ गावकीचा आहे. आमच्याकडे देवळाची जत्रा, तळ्यातले मासे, गायरानातले आंबे, सगळ्याचा निवाडा गावकी करते. कोणती गोष्ट कोणत्या घराकडे, ते होळीच्या आधीच्या बैठकीत पंच ठरवतात, देवापुढे नारळ-विडा ठेवून त्या घराला देतात, आणि वर्षभर त्यावर कुणी चकार शब्द काढत नाही. जिथे बायका गोधड्या धुवायच्या, त्या वळणाकडे तोवर एकाही पंचाने ढुंकून पाहिलं नव्हतं. आता दामूकाकांनी पाहिलं. दामूकाका वडलांचे चुलतभाऊ, गावकीचे पंच, पांढऱ्या सदऱ्यातले, बोलताना नेहमी आभाळाकडे बघणारे. त्यांचा मुलगा सुन्या माझ्याच वयाचा, अंगाने मोठा, कामाने लहान. काका एक दिवस ओटीवर येऊन बसले, सुकटीचा वास न येण्याचं सोंग केलं आणि वडलांना म्हणाले, “पोरीनं बरं चालवलंय हो. पण गावाची वस्तू गावाला विचारून. होळीला बघू.” होळीला बघू म्हणजे काय, ते आमच्या सगळ्यांना कळलं. आई म्हणाली, “भाकरी खाऊन जावा.” काका म्हणाले, “नको, आत्ताच जेवलो.” आणि हात मात्र सुकटीकडे गेला.

होळीच्या आधीच्या रविवारी काका एका शेठला घेऊन आले. मुंबईचा शेठ, गळ्यात दोरीला लटकवलेला मोबाइल, पायात पांढरे बूट, सोबत दोन मित्र. शेठला वळणाशेजारची जमीन घेऊन तिथे खोल्या बांधायच्या होत्या, आणि काकांना शेठला खूश करायचं होतं. सुन्या पोपटीचं मडकं डोक्यावर घेऊन मागे. एकाच्या पिशवीत बाटल्या वाजत होत्या. वेळ अगदी सकाळची, पात्र कोरडं, बगळे दगडांवर. काकांनी सुन्याला हुकूम सोडला, “हत्तीवर लाव मडकं. शेठना नदीच्या मधोमध पोपटी खायचीय.”

मी दोर बांधत होते. म्हटलं, “काका, हत्तीवर नका जाऊ. पाणी येतंय.”

“आज रविवार,” काका आभाळाला म्हणाले. “कारखाने बंद. रविवारी पाणी उशिरा येतं. माझं आयुष्य गेलं या नदीवर.”

हे खरं होतं, म्हणजे रविवारचं खरं होतं. कारखाने बंद असले की वीज कमी लागते, वीज कमी लागली की पाणी उशिरा सुटतं. आमच्या गावात शेंबडं पोरही हे सांगेल. पण त्या दिवशी परदेशात कुठे तरी आपला क्रिकेटचा सामना होता, आपल्याकडच्या सकाळीच सुरू झालेला. गावातले झाडून सगळे बाप्ये टीव्ही असलेल्या एकाच घरात कोंबलेले. मी दोन हिवाळे त्या काठावर घालवले होते आणि सामन्याच्या दिवशी, रविवार असो की सोमवार, पाणी लवकर येतं हे माझ्या अंगवळणी पडलं होतं. सगळ्या मुंबईने टीव्ही लावला की डोंगरातलं वीजघर जागं होतं.

“आज मॅच हाय, काका.”

काका शेठकडे बघून हसले. शेठ हसला. शेठचे मित्र हसले. सुन्या मडकं डोक्यावर असल्यामुळे मान न हलवता हसला. “मॅचचा नि नदीचा काय संबंध गो? फलंदाज काय पाणी मारतात व्हय इकडं?”

मी आणखी एकदा सांगितलं. मी माझ्या खऱ्या आवाजातही सांगितलं. शेठ म्हणाला, “कोण आहे ही?” काका म्हणाले, “घरचीच हाय. तोंडाला जरा मोकळी.” आणि सगळे दगडांवरून उड्या मारत हत्तीवर गेले. शेठ पांढरे बूट जपत, मधे सुन्याच्या खांद्याला धरून.

त्यांनी हत्तीच्या खालच्या उतारावर मडकं उपडं घातलं, पेंढा पेटवला, बाटल्या उघडल्या. धूर छान सरळ वर जात होता. मी आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, वरच्या वळणाकडे पाहिलं आणि म्हणाली, “बगळे उठले.” मग आम्ही दोघी काठावर बसलो. दुसरं काय करणार? आता हाक मारली तर ते घाईने परतायला निघतील आणि मधल्या दगडांवर पाणी गाठेल. हत्तीवर होते तोवर सुरक्षित होते. नुसते मूर्ख होते, आणि मूर्खपणाने लगेच कुणी बुडत नाही.

सळसळ आली. खळखळ थांबली. शेठ मोबाइल उंच धरून रेंज शोधत होता, त्याला काही कळलं नाही. सुन्याला कळलं, कारण त्याने दगडाच्या उतारावर काढून ठेवलेल्या चपला नदी घेऊन गेली. मग पाणी हत्तीच्या अंगावर चढलं, पेंढ्याची आग चर्र आवाज करून विझली, आणि मडकं जागेवरून हललं, किंचित तरंगलं, आणि मानाच्या पाहुण्यासारखं डुलत डुलत रोह्याच्या दिशेने निघालं. शेठ ओरडला, “अरे, पकडा!” मित्रांपैकी एकाने मडक्यासाठी पाय पाण्यात घातला.

“पाय वर!” मी अशी ओरडले की टीव्हीवाल्या घरातून दोन पंच बाहेर आले. “पाय वर घे नाय तर मडक्याच्या मागं जाशील! सगळे पाठीवर चढा. बसा खाली!”

बसले. पांढरा सदरा, पांढरे बूट, सगळे हत्तीच्या पाठीवर एकमेकांना चिकटून.

“रशी टाक गो!” काका ओरडले.

“टाकते. पण आधी बोलणं.”

“आता कसलं बोलणं?”

“वळणाचं. होळीच्या बैठकीत वळण कोणाकडं?”

“अगो, माणसं मरायला लागलीत हिथं!”

“कोण मरतंय? बसून राहा. दुपारी पाणी उतरलं की चालत या. मॅच संपेल तोवर.” हे खरंच होतं. दुपारपर्यंत ते तिथे बसू शकत होते, उपाशी आणि उन्हात. पण शेठला ते बसणं नको होतं, आणि काकांना शेठसमोर बसलेलं दिसणं नको होतं. त्यांना काय हवंय ते मला त्यांच्या हातांवरून दिसत होतं. काकांनी शेठचा दंड घट्ट धरला होता, आणि शेठ तो सोडवू पाहत होता.

शेठ म्हणाला, “देऊन टाका हो जे काय मागतेय ते!”

“मी चालवीन तोवर वळण माझ्याकडं,” मी म्हटलं. “आणि माझ्या नियमाबाहेर कुणी पाण्यात जायचं नाय. मोठ्यानं बोला, पंच ऐकतायत.”

आई माझ्या कानाशी म्हणाली, “बाटल्याही.”

“आणि बाटल्या ओता!”

बाटल्या ओतल्या गेल्या. शेठच्या एका मित्राला फार दुःख झालं, तो ओतताना दुसरीकडे बघत होता. मग काका आभाळाकडे न बघता, थेट माझ्याकडे बघत ओरडले, “दिलं! वळण तुझं! दिलं म्हणतो ना!” काठावरचे दोन्ही पंच खाली मान घालून हसत होते. मी दोर घेऊन वरच्या अंगाने पोहत गेले, ट्यूब बांधली आणि एकेकाला ओढून आणलं. शेठ ट्यूबमध्ये असा घट्ट बसला की काठावर आल्यावर त्याला बाहेर काढायला दोघींनी दोन पाय धरून ओढावं लागलं. काका शेवटी आले. सदरा पिळला आणि निघून गेले. त्या दिवशी मी दोन ताटं जेवले. वडील म्हणाले, “झालं तर मग,” आणि डोलवीला नकाराचा निरोप धाडायचा विचार करू लागले.

बैठक देवळाच्या आवारात झाली. पुरुष आत, बायका खांबांच्या बाहेर. आमचं प्रकरण निघालं तेव्हा मी खांबाच्या आत एक पाऊल टाकून म्हटलं, “काकांनी शब्द दिलाय. दोन पंच साक्षीला होते.” मला वाटलं होतं काका नाकारतील, आणि मी त्या तयारीने आले होते. काकांनी नाकारलं नाही. ते शांतपणे म्हणाले, “दिला ना. दिला होता. पण नारळ ठेवला होता का? विडा दिला होता का? पाण्यात दिलेला शब्द जमिनीवर चालत नाय, पोरी.” सगळी बैठक हसली. ते दोन पंचही हसले, त्या दिवशीसारखेच खाली मान घालून. मी बाटल्या मागितल्या होत्या, नियम मागितले होते, सगळं मागितलं होतं, आणि काठावर करंजाशेजारी माड उभा असताना नारळ मागितला नव्हता. मिठागरवाल्यांकडे बोललेलं ते बोललेलं. आईला ही नारळाची पद्धत सुचली नाही, आणि मला राग आला होता म्हणून सुचली नाही.

मग सर्वांत म्हातारे पंच बोलले, प्रेमाने, म्हणजे जास्त झोंबेल असं. “बाय, काठ घराला देतात. तू घर नाय. तू आज हितं, उद्या सासरी. तुझ्या नावानं नारळ कुठं ठेवायचा?” वळण सुन्याच्या घराला दिलं. नारळ ठेवला, विडा दिला. माझे नियम मात्र पंचांना फार आवडले होते. ते रंगवून पाटी लावायची असंही ठरलं.

मी काय बोलले ते सगळं इथे लिहिता येणार नाही, पुस्तक घरात वाचलं जातं. शेवटी मी म्हटलं, नदीला दोन काठ असतात. पलीकडचा काठ आमच्या गावाचा नाही, तिथे अष्टमीच्या एका दुकानदाराची वाडी पडीक आहे, ती मी भाड्याने ठरवते आणि तिथे बसते.

काकांचा चेहरा पहिल्यांदा बदलला. “गावकीच्या विरोधात जाशील? तुझ्या बापाला दंड बसेल. वाळीत टाकू घराला.”

मी तोंड उघडलं, पण माझ्या आधी दुसराच आवाज आला. आयुष्यात बैठकीत कधी न बोललेले, मागच्या भिंतीला टेकून बसलेले माझे वडील. “दंड कोणाच्या नावावर मांडताय तेवढं सांगा,” ते म्हणाले. आवाज बारीकच होता. “वळण देताना ही माझ्या घरात धरत नाय म्हणालात. मग दंड घेताना धरता कशी?”

कुणी हसलं नाही. म्हाताऱ्या पंचांनी सुपारी एका गालातून दुसऱ्या गालात नेली आणि म्हणाले, “पुढचा विषय घ्या.” बाहेर आल्यावर वडील चपला न घालताच घराकडे चालू लागले. आईने त्यांच्या हाताला धरलं आणि सबंध रस्ता ती त्यांना वीजवाले म्हणाली नाही.

डोलवीच्या मुलाशी माझं लग्न झालं नाही. तो अजून परमनंट व्हायचा आहे, असं ऐकते. अष्टमीच्या दुकानदाराशी मी वाडीचं ठरवलं. तो दुपारभर घासाघीस करून दमला आणि शेवटी चहा त्यानेच मागवला. पलीकडचा काठ उंच, ऊन जास्त, पण बघायला नदीचं वरचं वळण सरळ समोर दिसतं. तिथे मी पुन्हा दोर बांधला, आईने पुन्हा चूल मांडली. एक अडचण मात्र झाली. त्या बाजूला पात्र रुंद आहे, पाण्यातल्या माणसांपर्यंत माझा आवाजही पोचेना, म्हणजे विचार करा. म्हणून मी धाटावच्या एका भंगारवाल्याकडून बंद पडलेल्या कारखान्याचा शिफ्टचा भोंगा आणला, दुरुस्त केला आणि खांबावर चढवला. पाणी ठरल्यावरही कधी कधी वरून दुसरा लोंढा सोडतात, तेव्हा वरच्या वळणावर बगळे पुन्हा उठले की बटण दाबायचं. तो असा वाजतो की पाण्यातला माणूस विचार करत नाही, बाहेर पळतो.

पहिल्याच रविवारी मी बटण दाबलं. माझी गिऱ्हाइकं बाहेर आली. आणि पलीकडे, सुन्याच्या वळणावर, जिथे माझ्या नियमांची नवी कोरी पाटी होती आणि नियम सांगणारं कुणी नव्हतं, तिथलीही सगळी माणसं पाण्यातून उठून काठावर उभी राहिली. सुन्या खुर्चीवर बसून चहा पीत होता. त्याने उठण्याचेही कष्ट घेतले नाहीत. पुढच्या महिन्यात त्याच्या पाटीवर एक ओळ वाढली: ‘पाण्याच्या सूचनेसाठी भोंग्याची सोय.’

एवढी वर्षं मी अनेकांकडून अनेक गोष्टी कमी-जास्त करून घेतल्या. जमीन, होड्या, परवाने, सरकारी साहेबांचे सह्या करायचे मुहूर्त. पण आवाज एका काठापुरता कसा ठेवायचा, ते मला अजून जमलेलं नाही. एका रविवारी, पाटीवरची ती ओळ नव्याने सोनेरी रंगात रंगवलेली पाहून, माझं डोकं असं फिरलं की ठरवलं, आज वाजवायचाच नाही. माझी माणसं मी हाताने बाहेर काढली. बगळे उठले. पलीकडे सुन्याच्या वळणावर एक बाई मुलाला पाठीवर घेऊन कमरेएवढ्या पाण्यात उभी होती, आणि सुन्या खुर्चीत मोबाइल बघत होता. मी त्याला शिव्या देत होते, मोठ्याने, नावानिशी, आणि त्यातली एकही त्याच्यापर्यंत पोचत नव्हती. शिव्या देता देताच मी बटण दाबलं.

बाई बाहेर आली. सुन्याने मान वर केली, माझ्या दिशेने हात हलवला आणि पुन्हा मोबाइलमध्ये बघू लागला.